चार पोती मीठ

आमच्या गावाने एका माणसाला पिण्याच्या पाण्यात मीठ मिसळल्याबद्दल घरी बसवलं. ज्या खड्ड्यात त्याने मीठ ओतलं होतं, त्याच खड्ड्यावर पुढच्या महिन्यात गावाने सार्वजनिक संडास बांधला आणि नारळ फोडून, पेढे वाटून त्याचं उद्घाटन केलं. झाली हकीकत एवढीच. पण एवढ्यात माझा राग मावत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. या वयात आता कसला राग धरता, असं घरची मंडळी म्हणतात. म्हणोत बापडी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या सीमेवर आमचं तालुक्याचं गाव, आणि तिथल्या नगरपालिकेत मी सभालिपिक. सभासद बोलतील त्यातलं लिहिण्यासारखं वहीत उतरवायचं आणि बाकीचं विसरून जायचं, हे माझं काम. ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते आमचे पाणीपुरवठ्याचे ओव्हरसिअर. गावात त्यांना त्या हुद्द्याने कुणी ओळखत नसे. गाव त्यांना चूळवाले म्हणे.

त्याला कारण होतं. कुणाच्याही घरी गेले आणि पुढे पाण्याचा तांब्या आला, की हे आधी चूळ भरत. घोट तोंडात तसाच धरून, मान जराशी वर करून आढ्याकडे बघत उभे राहत. यजमान बिचारे पेढे आणू की चिवडा या विचारात असत, तोवर हे अंगणात जाऊन चूळ टाकून येत आणि निकाल सांगत. हे पाणी कालचं आहे. हंडा चिंचेने घासला, पण नीट विसळला नाही. एकदा मुख्याधिकाऱ्यांच्या बंगल्यावर त्यांनी माठात पाल पडली असावी असं सांगितलं. माठ उपसला तर खरोखरच पाल निघाली. त्यानंतर मुख्याधिकाऱ्यांच्या पत्नीने त्यांना घरात बोलावलं नाही. पाल सापडली याचा राग पालीवर निघायला हवा होता, पण आपल्याकडे तो नेहमी सांगणाऱ्यावर निघतो.

खांद्याला खाकी पिशवी असायची, आणि तिच्यात एक काचेची बाटली, चिमटीभर तुरटीची पुडी आणि पाणसळ. गवंडी लोक ओळंब्याबरोबर जी ठेवतात, मध्ये बुडबुडा असलेली, तीच. ही पाणसळ ते वाटेल तिथे लावत. लग्नाच्या मांडवात लावत, शाळेच्या व्हरांड्यात लावत. माझ्या मोठ्या मुलीच्या बारशाला आले, तेव्हा पाळण्याखाली फरशीवर पाणसळ ठेवून त्यांनी बायकांच्या घोळक्यातच मला विचारलं होतं, "भाऊसायब, उतार कुठं हाय?" मला काय ठाऊक उतार कुठे आहे. तर म्हणाले, तुमच्या न्हाणीचं पाणी स्वयंपाकघराकडे वळणार. श्रावणात वळलं. मी फरशी उकरून घेतली आणि तेव्हापासून त्यांना हसायचं सोडलं.

पाऊस लागला की सगळं गाव आडोशाला पळे आणि हे बाहेर पडत. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात भुशाची टोपली. चौकात, बाजारपेठेत, तळ्याच्या काठावर मुठीमुठीने भुसा टाकत आणि तो वाहत कुठे जातो हे बघत त्याच्या मागोमाग चालत. भुसा एखाद्याच्या परड्यात शिरला तर हेही शिरत. त्यावरून दोनदा मारामारीची वेळ आली होती. फौजेत इंजिनिअर पलटणीत हवालदार असल्यामुळे ते मारामारीला घाबरत नसत, पण भांडायला त्यांना वेळही नसे, कारण भुसा पुढे निघून जाई.

फौजेतून सुटल्यावर काही वर्षं ते कोयनानगरच्या वसाहतीत नळांच्या कामावर होते. भूकंप झाला त्यानंतरच्या दिवसांत लोक पडक्या भिंतींखालून भांडीकुंडी शोधत होते आणि हे फुटलेल्या नळांत गटार शिरलंय का ते चाखत फिरत होते, असं त्यांच्या सोबत्यांनीच सांगितलेलं. मूळचे ते माण तालुक्यातले. मेंढरं राखणारं घराणं, पावसाचा पत्ता नाही असा मुलूख. पाण्याच्या बाबतीत हा माणूस असा का झाला, असं कुणी विचारलं की मला नवल वाटे. ज्याने लहानपणी वाळू उकरून पाणी काढलं तो असा होणारच. उसात लोळणाऱ्या आमच्या गावाला ते कळायचं नाही.

आता बागेकडे येतो. गावाच्या पश्चिमेला डोंगर, त्याच्या पायथ्याला तळं. तळ्याच्या पूर्वेला मातीचा बांध आणि बांधाखाली गावाची मोठी विहीर. तळ्याचं पाणी जमिनीतून मुरत या विहिरीत यायचं, तिथून पंपाने टाकीत आणि टाकीतून घरोघरच्या नळाला. बहात्तरच्या दुष्काळात तळं कोरडं पडलं, तेव्हा दुष्काळी कामावरच्या बायामाणसांनी त्यातला गाळ उपसून उत्तरेच्या काठावर टाकला. तिथे ऐसपैस सपाट जागा झाली. पुढे पाऊस बरा झाला, तळं भरलं आणि गावाला त्या सपाटीवर बाग दिसायला लागली.

बाग दिसण्यात काही वाईट नव्हतं. गावात पोरांना खेळायला जागा नव्हती आणि म्हाताऱ्यांना बसायला एस. टी. स्टँडची बाकं सोडून दुसरं ठिकाण नव्हतं. पण आमचे अध्यक्ष आणि सभासद त्या हिवाळ्यात अभ्यासदौरा म्हणून म्हैसूरची बाग बघून आले. अभ्यासात चंदनाचे साबण आले, रेशमी लुगडी आली आणि रंगीत कारंजं डोक्यात आलं. काठावर कारंजं, पाण्यात उतरायला पायऱ्या, चार होड्या, भेळेच्या गाड्या, भाषणांसाठी व्यासपीठ आणि पाहुण्यांना लांब जावं लागू नये म्हणून व्यासपीठाच्या मागेच संडास. सगळं उत्तर काठावर, विहिरीच्या वरच्या अंगाला.

नकाशा करायचं काम ओव्हरसिअरकडे आलं. त्यांनी महिनाभर घेतला. मी तो नकाशा पाहिला आहे. लाल पेन्सिलीने माणसं कुठे वावरतील ते दाखवलं होतं आणि निळ्या पेन्सिलीने पाणी कुठे जाईल त्याचे बाण. बाग त्यांनी पुसली नव्हती, उलट अध्यक्षांच्या बागेपेक्षा मोठी केली होती. मुलांचे झोके, तालमीचा हौद, भेळेच्या गाड्या, संडास, सगळं बांधाच्या खाली, विहिरीच्याही पलीकडे, जिथून जमीन ओढ्याकडे उतरते. तळ्याच्या काठावर मात्र पंचवीस पावलं रुंद गवताचा पट्टा. त्यात वाळा लावायचा, कडेने लव्हाळा, म्हणजे वरून वाहत येणारं पाणी गाळून मगच तळ्यात पडेल. गवतावर बाकं, चालायला पायवाट, सावलीला करंज. पायऱ्या नाहीत, होड्या नाहीत.

"पोरं खेळली पायजेत, भाऊसायब," ते मला समजावून सांगत होते. "म्हाताऱ्यास्नी सांच्याला तळ्याचा वारा घेऊ द्या. पन खायाचं, धुयाचं, हागायचं, ह्ये समदं हिरीच्या खाली. आमच्याकडं मेंढरास्नीबी ह्ये कळतं."

अध्यक्षांनी नकाशा बघितला आणि हसले. बागेचा नकाशा मागितला तर ह्या गृहस्थांनी पाण्याचाच काढलाय, म्हणाले. बाकीचेही हसले. मीही हसलो असेन, साहेब हसले की आम्ही कारकून हसतो. मग सांगलीच्या एका ठेकेदाराच्या माणसाने कारंज्यासह दुसरा नकाशा दोन दिवसांत काढून दिला आणि तो मंजूर झाला.

माणूस हट्टी होता, पण भांडकुदळ नव्हता. लोकांचं मन कसं वळवायचं हे त्याला माहीत होतं. आमच्याकडे बेंदराच्या दिवशी बैल धुवायला तळ्यात घालायची रीत. शे-दोनशे बैल, म्हशी, त्यांच्याबरोबर माणसं, आणि पुढे आठवडाभर नळाला गढूळ पाणी. दरवर्षी नगरपालिका दवंडी देई आणि दरवर्षी गाव ती ऐकून बैल घेऊन तळ्यावर जाई. ओव्हरसिअरनी दवंडी दिली नाही. सांडव्याखाली त्यांनी स्वतः चार गड्यांना घेऊन मोठं डबकं खणलं, त्यात सांडव्याचं वाहतं पाणी सोडलं, उताराला दगड लावले. मग ज्यांची बैलजोडी मानाची, त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरी गेले. दोन पेले पुढे ठेवले. एक गेल्या बेंदराच्या आदल्या दिवशी भरलेला, एक त्याच बेंदरानंतर भरलेला, दोन्ही वर्षभर बाटलीत ठेवलेले. म्हाताऱ्याने दुसऱ्या पेल्याचा वास घेतला आणि पेला खाली ठेवला. मानाची जोडी पहिली सांडव्याखाली गेली. मानाच्या जोडीला सोडून दुसरीकडे बैल न्यायची छाती गावात कुणाची नव्हती. त्या वर्षापासून तळ्यात बैल गेला नाही. नगरपालिकेच्या वार्षिक अहवालात ही कामगिरी आरोग्य समितीच्या नावावर जमा झाली. तो अहवाल मीच लिहिला होता.

बागेचं काम सुरू झालं तेव्हा ओव्हरसिअरनी अर्ज केला. संडासाची जागा बदलावी, खड्ड्यातलं पाणी मुरुमातून विहिरीकडे जाईल. उत्तर आलं नाही. दुसरा अर्ज केला, निदान तपासणी करून घ्यावी. त्यावर शेरा आला की संडास पन्नास पावलं लांब आहे, सबब शंकेचं कारण नाही. कुणी पावलं मोजली आणि ती कुणाच्या पायाची, हे लिहिलेलं नव्हतं. शोषखड्डा खणून तयार झाला. व्यासपीठाला रंग लागला.

एका रविवारी सकाळी चार पोती खडेमीठ बैलगाडीत घालून ते कचेरीवरून जाताना मला दिसले. एवढं मीठ कशाला, असं मी विचारलं. गावाचं लोणचं घालतोय, म्हणाले आणि पुढे गेले. त्या दिवशी त्यांनी ते मीठ शोषखड्ड्यात ओतलं आणि पंपाची नळी लावून वरून दिवसभर पाणी सोडलं. सोमवारपासून रोज सकाळी विहिरीच्या काठावर उभे राहून ते चूळ भरत होते. हे मला नंतर कळलं.

गुरुवारी नगरपालिकेची मासिक सभा होती. चहा आला. आमच्या कचेरीत चहा देणाऱ्याला सगळे आण्णा म्हणत. शांत माणूस, तोंडातून ब्र काढायचा नाही. दुपारची भाकरी तो आणि ओव्हरसिअर एकाच कागदावर ठेवून खात. अध्यक्षांनी पहिला घोट घेतला आणि कपात परत थुंकला. मग एकेका सभासदाने तोंड वाकडं केलं. आण्णाला आत बोलावून सगळ्यांनी त्याला फैलावर घेतलं, साखरेच्या जागी मीठ घातलं म्हणून. मीसुद्धा त्याला डोळे फुटले का, असं म्हणालो. ते शब्द मला आजही टोचतात. आण्णा साखरेचा डबा आणून दाखवत होता, बोट लावून चाटत होता, आणि तिकडे कुणी बघत नव्हतं.

मागच्या बाकावरून ओव्हरसिअर उठले. "त्येला बोलू नका," ते म्हणाले. "साखर बराबर हाय. पानी खारट हाय."

अध्यक्षांनी आण्णाला हाताने बाहेर जायची खूण केली. तो कप गोळा करून गेला. दार लोटलं गेलं. मग ओव्हरसिअर हळू आवाजात, फौजेत वरिष्ठांना खबर देतात तसे सरळ उभे राहून बोलले.

"ऐतवारी मी त्या संडासाच्या खड्ड्यात चार पोती मीठ वतलं. आज बेस्तरवार. चार दिसांत त्ये हिरीत आलं आन तितनं तुमच्या कपात आलं. आज मीठ हाय म्हून तुमास्नी कळलं. उद्या ज्ये यील, त्येला चव नसंल."

त्या क्षणी मला खरोखर वाटलं, आता खड्डा बुजणार. सगळ्यांना कळलं होतं. अकरा सभासद बसले होते, त्यातले निम्मे शेतकरी, पाणी कुठून कुठे पाझरतं हे त्यांना शिकवायला नको होतं. पण उद्घाटनाला मंत्री यायचे ठरले होते, निमंत्रणपत्रिका छापून आल्या होत्या, आणि कारंज्याशेजारच्या खड्ड्यात चूक झाली हे कबूल करायचं तर सगळी बागच उकरावी लागली असती. अध्यक्ष उठले. गावाचं मीठ खाऊन गावाच्या पाण्यात मीठ टाकणारा कर्मचारी आपल्याला हवा आहे का, असं त्यांनी सभेला विचारलं. बाकं वाजली. बाकं वाजवणाऱ्यांच्या जिभेवर अजून तो खारट चहा होता.

नंतर माझ्या टेबलाशी वाकून अध्यक्ष हळूच म्हणाले, "ते खड्ड्याचं आणि चवीचं राहू द्या. एवढंच लिहा की त्यांनी कबूल केलं."

मी लिहिलं. पाणीपुरवठा ओव्हरसिअर यांनी पिण्याच्या पाण्यात मीठ मिसळल्याची कबुली सभेपुढे दिली, सबब त्यांना कामावरून दूर करण्यात यावे, सर्वानुमते मंजूर. एक शब्द खोटा नव्हता. खोटं न लिहिता माणसाला बुडवता येतं, हे मी त्या दिवशी माझ्या वळणदार अक्षरात करून दाखवलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आवं, मग खड्ड्याचं काय लिवलं?" मी म्हणालो, ते लिहिणं माझ्या हातात नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून प्यायचं पाणी नळाचं भरायचं तिने बंद केलं. मळ्यातल्या विहिरीवरून दोन घागरी आणायची, जाता-येता मैलभर चालून. मी ते पाणी गुपचूप पीत राहिलो. गावात बाकी सगळीकडे झालं होतं ते एवढंच, की चूळवाल्याचं डोकं फिरलं आणि त्याने पाण्यात मीठ कालवलं. खड्ड्याचं नाव कुणी काढलं नाही, आणि मीही नाही. रोज समोर चहाचा कप ठेवणाऱ्या आण्णालासुद्धा मी काही सांगितलं नाही.

ओव्हरसिअर पाणसळ आणि ट्रंक घेऊन एस. टी.ने माणला गेले. जायच्या आधी विहिरीवरच्या माणसाला ब्लीचिंगची पावडर किती आणि कशी टाकायची ते तीनदा सांगून गेले. तोवर ते काम रोज पहाटे ते स्वतः करत. ते गेल्यावर पावडरीच्या पिंपाचं झाकण कुणी उघडलं नाही, ते गंजलं.

बाग झाली. कारंजं एकदा उडालं. लोक संध्याकाळी भेळ खायला येत, हात तळ्यात धुवत, पोरं पायऱ्यांवरून पाण्यात पाय सोडून बसत. मंत्र्यांनी बागेची फार तारीफ केली.

वैशाखात तळं आटत आलं आणि गावात कावीळ पसरली. आधी वरच्या आळीत, मग सगळीकडे. ज्या-त्या घरात डोळे पिवळे झालेली माणसं अंथरुणावर. त्याच सुमाराला लेकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या. माहेरच्या माणसांनी, माहेरच्या पाण्याने जपायचं म्हणून तर त्या येतात. आण्णाची मुलगी सातव्या महिन्यात आली होती. पोटुशी बाईला ही कावीळ सोसत नाही, असं सिव्हिल हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी तिला बघून सांगितलं, आणि ते खरं ठरलं. मूलही राहिलं नाही. आण्णा तेराव्यानंतर कामावर आला, त्याने माझ्यापुढे कप ठेवला आणि नेहमीसारखं विचारलं, साखर बरोबर आहे ना.

मग जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी आले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न केला की पाणी कुठून कुठे वाहतं याचा नकाशा आहे का. होता. शोधाशोध झाली. तो खळ दिलेल्या ट्रेसिंग कापडावर काढलेला होता, आणि ते कापड गरम पाण्यात धुतलं की मऊ मलमल निघते. शिपायांनी धुऊन त्याचे रुमाल शिवले होते. सगळी निळी रेघ धुऊन गेली होती. मुख्याधिकाऱ्यांनी मला सांगितलं, ओव्हरसिअरच्या घरी कच्चा नकाशा असेल, तुम्ही जाऊन घेऊन या. ज्याला हाकललं त्याच्याकडेच मागायला जायचं, आणि गेलं कोण, तर त्याची हकालपट्टी लिहिणारा.

दहिवडीपर्यंत एस. टी. आणि पुढे दोन कोस पायी. घरी ते नव्हते. ओढ्यात आहेत, असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं. ओढा म्हणजे नुसती वाळू. त्या वाळूत हातभर खोल खड्डा काढला की तळाशी पाणी झिरपून साठतं, त्याला तिकडे झिरा म्हणतात. ओढ्यात तीन झिरे होते. सगळ्यात वरच्या झिऱ्यावर एक बाई नारळाच्या नरोटीने घागर भरत होती. त्याच्याखाली वीस पावलांवर मेंढरं पीत होती. आणखी खाली धुणं चाललं होतं. तिथे कुणी पाटी लावली नव्हती, कुणी ठराव केला नव्हता. मेंढरं वरच्या झिऱ्याकडे वळलीही नाहीत. आमची म्हैसूरला जाऊन आलेली सभा माझ्या डोळ्यांपुढे आली आणि मला तिथे उन्हात उभं राहून रडू आलं.

ओव्हरसिअर वरचा झिरा साफ करत होते. मला बघून त्यांनी नरोटी भरून दिली. मी घोट तोंडात धरून उभा राहिलो, त्यांच्यासारखा. ते जरासे हसले. मी का आलो हे विचारलं नाही. घरी नेलं, ट्रंकेतून कच्चा नकाशा काढला, सतरंजीवर पसरून एका जागी बाण खोडून थोडा डावीकडे वळवला आणि मला दिला. एवढ्या महिन्यांत ते तो नकाशा सुधारतच होते.

मग त्यांनी विचारलं, "कुनी गेलं?"

मी आण्णाच्या मुलीचं सांगितलं. त्यांनी पिशवीतली पाणसळ काढून सतरंजीवर ठेवली आणि बुडबुडा मध्यावर येतो का ते बघितलं. त्या पोरीला त्यांनी कचेरीच्या पायरीवर पाटी-पेन्सिल घेऊन बसलेलं बघितलं होतं.

"तुमच्या वहीत माझं त्ये चवीचं वाक्य हाय का, भाऊसायब?"

नाही, म्हणालो.

"घाला."

मी सांगितलं की पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झालं, सह्या झाल्या, आता त्यात एक अक्षर घालता येत नाही. नियम आहे. ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"मंग दुसरीकडं कुटं तरी लिवा," म्हणाले. "पन लिवा."

संडास पाडला. खड्डा चुन्याने बुजवला. पायऱ्या काढल्या, कारंजं भंगारात गेलं, झोके आणि भेळेच्या गाड्या बांधाच्या खाली गेल्या, काठाला वाळा आणि लव्हाळा लागला. सगळं त्यांच्या निळ्या बाणांप्रमाणे. कामावरून काढलेल्या माणसाचा नकाशा मंजूर करता येत नाही, म्हणून खालच्या कोपऱ्यात ठेकेदाराच्या माणसाची सही घेतली. आज ती बाग छान आहे, म्हातारी माणसं गवतावर वारा खात बसतात, मीही बसतो. ओव्हरसिअरना परत कामावर बोलावलं नाही. त्यांना बोलावणं म्हणजे त्या गुरुवारी काय झालं ते वहीत येणं, आणि ते कुणालाच नको होतं. काही वर्षांनी ते वारल्याचं कळलं. मी माणला गेलो नाही, कुठल्या तोंडाने जाणार होतो.

दुसरीकडे कुठेतरी लिहायला मला एवढी वर्षं लागली. नगरपालिकेच्या वहीत ते आता कधी येणार नाही, म्हणून ते वाक्य इथे, त्याच वळणदार अक्षरात, नियमाप्रमाणे लिहून ठेवतो:

पाणीपुरवठा ओव्हरसिअर यांनी सभेपुढे उभे राहून सांगितले, की आज मीठ आहे म्हणून तुम्हाला कळले, उद्या जे येईल त्याला चव नसेल. त्या वेळी अध्यक्ष, अकरा सभासद, मुख्याधिकारी आणि सभालिपिक हजर होते. सर्वांना स्पष्ट ऐकू आले.